हसणाऱ्याची मजुरी

रत्नागिरीत हसत कामाला आलेल्या माणसाचं तोंड पाडून त्याला घरी पाठवण्याचं काम आजवर कुणी नेमानं, निष्ठेनं आणि स्वतःसाठी एक पैसाही न घेता केलं असेल, तर ते आमच्या मामांनी. मामा म्हणजे माझे मामेसासरे, ह्यांच्या आईचे धाकटे भाऊ. सगळा जन्म बोटीवर गेला. इंजिनात फिटर होते. आता आमच्या शेजारच्याच घरात एकटे राहतात आणि पावसला आंब्याची चार कलमं आहेत, तिकडे दिवसाआड स्कूटर काढून जातात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशात. मामांनी पंचाहत्तरी ओलांडली तरी दात स्वतःचे आहेत, कान तिखट आहेत आणि डोक्यात एक सिद्धांत आहे. दात आणि कान यांचा कुणाला त्रास नाही. सिद्धांताचा मात्र अख्ख्या आळीला आहे.

सिद्धांत असा की पैसे कामाचे नसतात, त्रासाचे असतात. ज्याला कामाचा त्रास झाला त्याला पैसे द्यावेत. ज्याला काम आवडलं त्याला त्याचं मिळालं, आता वर पैसे कशाला? 'एकाच मालाचे दोनदा घेतोस होय?' असं ते गवंड्यालाही विचारतात आणि बँकेतल्या साहेबालाही. हा सिद्धांत त्यांना बोटीवर सुचला की जन्मतःच होता ते देव जाणे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या हातची पुरणपोळी खाऊन त्यांनी विचारलं होतं, 'तुला स्वयंपाकाची आवड आहे वाटतं?' मी लाजून हो म्हटलं. त्यांनी हातातलं पाकीट परत खिशात घातलं आणि तोंडभर आशीर्वाद दिला. पाकिटात काय होतं ते आजवर मला कळलेलं नाही. माझ्या थोरल्या जावेनं त्याआधी चार वर्षं 'मला मेलं चुलीपुढे उभं राहणं जमत नाही' म्हणून सांगितलं होतं, तिला सोन्याची नथ मिळाली होती.

आमच्याकडे नारळ काढायला एक गडी येतो. उमदा माणूस, झाडावर चढता चढता शीळ घालायची त्याला सवय. एकदा मामांच्या माडांचे नारळ काढून खाली उतरला. मामा म्हणाले, 'वर वारा कसा होता रे?' तो बिचारा भोळेपणानं म्हणाला, 'झकास होता मामा. पार दीपस्तंभापर्यंत समुद्र दिसतो वरनं.' 'बघितलास ना समुद्र? मग झालं की,' असं म्हणून मामांनी त्याच्या हातावर निम्मे पैसे ठेवले. तो आधी हसला. त्याला थट्टा वाटली. मग मामांनी त्याला पायरीवर बसवून पाऊण तास सिद्धांत समजावला आणि वर त्या पाऊण तासाचा मला त्रास झाला तरी तुझ्याकडून काही घेत नाही, असंही सांगितलं. गडी घरी गेला तो शीळ विसरूनच.

पण कामकरी माणसंही काही कच्च्या गुरूची चेली नसतात. वर्षभरात बातमी सगळीकडे पोचली. आमच्या आळीच्या तोंडाशी पिंपळाचा पार आहे, तिथवर माणसं गप्पा मारत, मोबाइलवर गाणी लावून येत. पारापाशी गाणी बंद. खांदे पाडायचे, एक पाय जरासा ओढायचा आणि 'आई गं' करत मामांच्या फाटकातून आत शिरायचं. मी गॅलरीतून हे सगळं बघायचे. नारळवाला गुडघ्याला फडकं बांधून यायला लागला. आठवडाभरानं तेच फडकं दुसऱ्या गुडघ्याला. नळदुरुस्तीवाला तर कामापेक्षा कण्हण्यासाठीच जास्त वेळ राखून ठेवायचा. एका वायरमननं मात्र हद्द केली. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मामा रडणाऱ्याला जास्त देतात. शिडीवर चढून त्यानं छातीला हात लावून असे काही हुंदके दिले की मामा घाबरले, रिक्षा बोलावली, त्याला दवाखान्यात पोचवून भरती करूनच परत आले. त्याची नाडी, रक्त, छातीचा आलेख सगळं निघालं. मामांच्या बैठकीच्या खोलीचा पंखा तोवर उघड्या तारांनिशी लोंबत होता आणि मामा भर वैशाखात पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते.

याचा परिणाम असा झाला की मामांच्या घरात झालेलं प्रत्येक काम हे त्या कामाचा मनापासून तिटकारा असलेल्या माणसानं केलेलं आहे. त्यांच्याकडे पंख्याचं बटण दाबलं की अंगणातला दिवा लागतो. न्हाणीघराचं दार बंद होतं पण उघडत नाही, त्यामुळे पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. फरशा बसवणाऱ्याला त्या कामाचा इतका उबग होता की बैठकीत गोटी ठेवली तर ती आपोआप स्वयंपाकघरात जाते. मामांना याचं काही वाटत नाही. उलट कुणी पाहुणा अडखळला की ते कौतुकानं सांगतात, 'फार त्रास झाला हो त्याला. भरपूर दिले मी.' कपाळाला हात लावायचा, दुसरं काय करायचं?

देवाधर्मातही तेच. सत्यनारायणाला आमच्याकडे एक तरुण भटजी येत. आवाज असा की ऐकत राहावं, आणि पूजा सांगताना त्यांचा चेहरा फुलून यायचा. मामांनी त्यांना नारळ दिला, पेढा दिला आणि म्हणाले, 'तुम्हाला आनंद झाला, आम्ही बघितला. तो देवानं दिला. देव नि तुमच्या मधे मी पैसे घेऊन कशाला येऊ?' पुढच्या वर्षी त्यांनी शोधून एक भटजी आणले, ते अर्ध्या पूजेत तीनदा जांभया देऊन चौथ्यांदा घड्याळ बघत होते. त्यांना घसघशीत दक्षिणा आणि वर उपरणं. बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांनाही मामांनी विचारलं होतं, पेशंट बघायला आवडतं का. डॉक्टर नवे होते, म्हणाले, 'अहो, हेच तर माझं समाधान.' मामा औषधाची चिठ्ठी घेऊन, त्यांचं अभिनंदन करून, सरळ बाहेर आले. ह्यांना मागाहून जाऊन मिटवावं लागलं. आमचे जावई पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहेत. लग्नाची बोलणी चालली असताना वडीलधाऱ्यांवर छाप पडावी म्हणून म्हणाले, 'मला माझं काम मनापासून आवडतं.' मामांनी चहाची बशी खाली ठेवली. 'मग पगार परत करता की काय करता?' पोरगं गोरंमोरं झालं. पुढे दोन तास मामा त्याच्याकडे चोर पकडल्यासारखे बघत होते.

आता माणूस लबाड असता तर मी इतकं चिडले नसते. लबाडाला काय, दोन शब्द सुनावले की मोकळे. पण मामा स्वतःलाही तोच नियम लावतात. त्यांना यंत्राची भारी आवड. आळीतले सगळे मिक्सर, पंप, शेगड्या, शिलाईची यंत्रं त्यांच्याकडे येतात आणि ती दुरुस्त करताना मामांची जीभ दातांत, चष्मा कपाळावर, जग बुडालं तरी पत्ता नाही. त्याबद्दल ते कुणाकडून चहासुद्धा घेत नाहीत. उलट लग्नाला जायचं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून ते आहेराच्या पाकिटातून आपल्या त्रासाचे पैसे आधीच कापून घेतात. जेवणावळ लांबली तर मंडपात बसूनच पाकीट उघडून आणखी थोडे काढतात. एका यजमानांनी हे डोळ्यांनी बघितलं आणि त्यांच्याशी आमचं बोलणं अजून बंद आहे.

हे सगळं चालत होतं तोवर मी गॅलरीतून बघून हसत होते, नाकं मुरडत होते, माहेरी फोन करून सांगत होते. माझ्या घरात काही आलेलं नव्हतं. मग मुग्धा, माझी लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली. आणि मामा पाळण्यापाशी उभे राहून म्हणाले, 'हिच्या न्हाणाचे पैसे मी देणार. भाच्याच्या लेकीचं पहिलं बाळ आहे, एवढा मान माझा.' ह्यांना गहिवरून आलं. मला शीळ विसरलेला नारळवाला आठवला. पण वडीलधाऱ्या माणसानं पाळण्यापाशी बोललेला शब्द नाकारायचा कसा?

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला आम्ही द्वारकाबायला बोलावलं होतं. ही बाई अर्ध्या रत्नागिरीच्या पाठी चोळून बसली आहे. दांडगा देह, दांडगा आवाज आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. नवरा नाटे बंदराकडे मासेमारीच्या ट्रॉलरवर होता, त्याची पाठ कामातून गेली तेव्हापासून तो घरीच, त्यामुळे सगळं घर हिच्या दोन हातांवर. सकाळी यायची, मागच्या पडवीत पाटावर पाय लांब सोडून बसायची, बाळ पायांवर उपडं घ्यायची आणि खोबरेल लावता लावता गाणी जुळवायची. गाण्यात घरातल्या प्रत्येकाचा उद्धार. 'आजीचं नाक केवढं, पडवीच्या खांबाएवढं' हे तिनं माझ्यादेखत रचलं. एरवी अंगाला पाणी लागलं की आभाळ डोक्यावर घेणारी आमची नात हिच्या पायावर पडली की डोळे मिटून हूं की चूं करत नसे. आणि द्वारकाबाय हसायची. तिच्या हसण्यानं ती स्वतः हलायची, पाय हलायचे, पायावरचं बाळही हलायचं. मी ते बघायचे आणि मनात म्हणायचे, मामा आले की हिचं काही खरं नाही.

पहिला आठवडा भरला. मामा खिशात पैसे घेऊन आले आणि पडवीच्या दाराशी उभे राहिले. बाळाच्या अंगावर शेवटचा तांब्या पडला, द्वारकाबायनं त्याला पंच्यात गुंडाळलं, त्याचा मुका घेतला. मामांनी विचारलं, 'काय द्वारकाबाय, काम कसं वाटतं?'

'वाटायचं काय त्यात? एवढा लोण्याचा गोळा हातात घ्यायचा. नशीब लागतं, मामा.'

'म्हणजे आनंद होतो.'

'होतो तर!'

'छान,' मामा म्हणाले, आणि खिशावरचा हात काढून घरी निघून गेले. द्वारकाबाय बघतच राहिली. तिला आळीतली रीत ठाऊक नव्हती, ती खालच्या बंदराकडची. मी तिला सगळं समजावून सांगितलं, हळूच आपल्याकडचे पैसे पुढे केले. तिनं हात मागे घेतला. 'वयनी, बोलले ते. देतील तर ते देतील. मागच्या दारानं घ्यायला मी काय चोरी केलीय?' म्हटलं, बरं बाई, मग पुढच्या वेळी एवढंच म्हण की वैताग आला, आवडत नाही. काय बिघडतं? सगळे म्हणतात.

'कंबर मोडलीय, ती सांगीन. गुडघे गेलेत, ते पण सांगीन. पण आवडत नाय असं कसं सांगू? पायावर पोर हाय. ऐकतंय ते.'

'त्याला काय कळतंय गो, पंधरा दिवसांचं नाही झालं अजून.'

'कळत नाय तर गाणं म्हटल्यावर गप कसं ऱ्हातं?'

दुसरा आठवडा भरला. मामा आले. द्वारकाबायनं कंबर सांगितली, गुडघे सांगितले आणि मी डोळे वटारत असताना शेवटी ठणठणीत आवाजात म्हणाली, 'पण आवडतं.' मामांनी तिच्या गुडघ्यांकडे निरखून बघितलं. मग त्यांनी खिशातून थोडेसे पैसे काढले आणि म्हणाले, 'हे गुडघ्यांचे.' मला वाटलं जमीन दुभंगावी. द्वारकाबायनं ते पैसे घेतले, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि म्हणाली, 'गुडघ्यांचं तेल हाय माझ्या घरात.' नंतर मुग्धाच्या शेकाची शेगडी फुंकत बसली. त्या दिवशी तिनं गाणं म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, 'वयनी, रागवू नका. उद्याचा दिवस येईन. मग नाय जमायचं. राजिवड्याकडं एक बाळंतीण आलीय, ते बोलावतायत. दोन घरं धरायला कंबर नाय ऱ्हायली माझी. आणि घरात माणूस अंथरुणावर हाय, मला रोज काय तरी घेऊन जायला लागतं.' मुग्धा आतून ऐकत होती. ती रडायलाच लागली. आईला बाळ धरता येत नाही, मला भीती वाटते, द्वारकामावशी गेली तर मी काय करू, असं एकेक. खरंच होतं ते. माझ्या हातात बाळ साबणासारखं निसटायचं. आजी झाले म्हणून काय सगळं येतं?

माझं डोकं फिरलं. तशीच ओल्या हातांनी मामांच्या घरी गेले. ते कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मी म्हटलं, 'मामा, आज तुम्ही माझे वडील असतात तरी मी बोलले असते. त्या बाईच्या घरात तिच्या हातांवर चूल पेटते. तुमच्या शहाणपणावर नाही. द्यायचे नव्हते तर पाळण्यापाशी उभं राहून बोललात कशाला? एक बाई आपल्या कामात सुखी आहे, एवढंच तुम्हाला बघवत नाही.'

मामांनी स्क्रू एका वाटीत ठेवला. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, 'मला पगार कशाचा मिळाला, सांग बघू.'

'कामाचा.'

'कामाचा नाही. काम मी इथं बंदरात पण केलं असतं. एवढे कोण देत होतं इथं? मला पैसे मिळाले ते घरी नसल्याचे. लेक झाली तेव्हा मी बोटीवर. तार आली. इंजिनात उकाडा असा की तारेचा कागद हातात भिजला. बघितली तिला मी ती बोलायला लागल्यावर. मला बघून तुझ्या मामीच्या पदरात शिरली आणि विचारलंन, हे कधी जाणार.' मग ते थांबले. बोटांवरचं काळं तेल पुसत राहिले. 'त्याचे मला पैसे मिळाले. एकदा नाही, दर खेपेला. मी म्हटलं ठीक, त्रासाचे पैसे आहेत, घ्यायचे. आता ही बाई रोज पायावर पोर घेते. हसते, गाते. जे मला मिळालं नाही म्हणून मला पगार मिळाला, ते हिला रोज मिळतं, आणि वर त्याचे पैसे? असं असेल तर मी एवढी वर्षं काय केलं गो?'

रागानं तणतणत आलेल्या माणसाला असलं काही ऐकवणं हा निव्वळ अन्याय आहे. माझ्या तोंडाशी आलेले चार चांगले शब्द तिथल्या तिथे वाया गेले. मी एवढंच म्हणू शकले, 'पण मामा, तिनं तुमचं काय घेतलंय?' त्यांनी वाटीतला स्क्रू परत उचलला. मी परत आले आणि मुग्धाला सगळं सांगितलं. द्वारकाबाय शेगडीवर ओवा टाकत होती. ऐकत असणार, कारण तिचं तोंड बंद होतं.

दुसऱ्या दिवशी तिची शेवटची सकाळ. पाणी तापलं, पाट मांडला, बाळ पायांवर आलं. आणि मामा आले. मी म्हटलं, आता आणखी काय बाकी राहिलं? ते दाराशी उभे राहिले नाहीत, पडवीच्या पायरीवर बसले. बराच वेळ तेल चोळणारे हात बघत होते. मग म्हणाले, 'द्वारकाबाय, बाळं पुढे आपापल्या घरी जातात. तेव्हा तुला काय होतं?'

ती थबकली. 'काय व्हायचं? सव्वा महिना, दोन महिने धरायचं नि सोडायचं. बाजारात भेटतात मोठी झाल्यावर. आई सांगते, ह्या मावशीनं तुला न्हाऊ घातलं. तर पोर तोंड फिरवून आईच्या मागं जातं. त्याला काय ठावं?'

'त्रास होतो म्हणायचा?'

'होतो. त्यात काय खोटं बोलायचं? दुसरं पोर पायावर येईपर्यंत घास गोड लागत नाय.'

मामांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतके दिवस न सुटलेला नट सुटल्यासारखा. त्यांनी खिशातून सगळे पैसे काढले, तीन आठवड्यांचे आणि पुढचेसुद्धा असावेत, आणि पुढे केले. 'मग हे घे. त्या त्रासाचे. आधीच विचारायला हवं होतं मी.'

मला हायसं वाटलं. सुटलो म्हटलं, सिद्धांतही राहिला आणि बाईही राहिली. पण द्वारकाबायनं हात पुढे केला नाही. तिचे हात बाळाच्या पाठीवरच होते.

'त्याचे नको.'

'का?'

'त्याचे पैसे होत नायत, मामा. तुमचं फिटलं काय त्या पैशानं?'

मी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता हा माणूस उठून जाणार, आणि पुन्हा आमच्या घरात पाऊल टाकणार नाही. मामा पायरीवर बसून राहिले. मग ते म्हणाले, 'नाही गो.' आणि हातातले पैसे बघत, 'मग कशाचे देऊ?'

'हाताचे द्या. हात चालले माझे. ते हसत चालले का रडत, ते माझं मी बघीन.'

मामांनी पैसे तिच्या शेजारी पाटाच्या कडेला ठेवले. तिनं तेलकट बोटांनी ते उचलून कमरेला खोचले आणि बाळ उताणं केलं. राजिवड्याच्या बाळंतिणीचं काय, हे मी विचारायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, 'त्यांना सांगीन, माझी भावजय येईल. शिकलीय ती आता.' आत मुग्धानं मोठ्यानं नाक ओढलं. इतकी वर्षं या माणसाला नावं ठेवली, त्यातलं एकही मागं घ्यायची माझी तयारी नव्हती, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघून माझ्या जिवाला फार लागलं.

'नुसते बसलाय काय?' द्वारकाबाय त्यांना म्हणाली. 'वयनी पाणी ओततात ते धसमुसळं. तुम्ही ओता. डोळ्यावर नको.'

मामा आले. पँटच्या दुमडी वर करून बादलीशेजारी उकिडवे बसले. गरम पाण्यात आधी कोपर बुडवून बघितलं, मग तांब्या भरला. इंजिनातली नटबोल्टं ज्या हातांना कधी जड झाली नाहीत, त्या हातांनी एवढासा तांब्या दोन्ही बाजूंनी धरला. पाणी बाळाच्या पोटावर पडलं, निम्मं मामांच्या पायावर पडलं. बाळ रडलं नाही.

'माझ्या लेकीला कोणी न्हाऊ घातलं असेल गो?' त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं. 'तुझ्या मामीला ठाऊक होतं. मी कधी विचारलं नाही तिला.'

'असेल कोणीतरी इथलीच,' मी म्हटलं.

'माझ्याच पगारातून दिले असतील तिला.' त्यांनी दुसरा तांब्या भरला. 'नाव नाही ठाऊक मला तिचं.' मग तो तसाच हातात धरून ते द्वारकाबायला म्हणाले, 'हसत असेल ना गो ती पण? न्हाऊ घालताना?'

द्वारकाबायनं वर बघितलं नाही. बाळाच्या मानेखाली हात घालून तिनं ते नीट धरलं.

'हसल्याबिगर पोर पायावर ऱ्हात नाय, मामा,' ती म्हणाली. 'घाला पाणी. निवतंय.'